स्टील गिटारचा बार: विकत घ्यावा की लेथवर करून घ्यावा? व्यास, वजन, धातू आणि फिनिश

परभणी_सहातार

राम राम मंडळी. सहा तारांची अकूस्टिक गिटार आहे, उंच नट (मानेच्या टोकाशी तारा टेकतात ती पट्टी) बसवून मांडीवर आडवी ठेवून वाजवतो. तारांचा संच १२-१६-२४-३२-४२-५३ (जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात). मुख्यतः अभंग, नाट्यगीतं, जुनी सिनेगीतं. बार (फ्रेट दाबण्याऐवजी तारांवर टेकवून सरकवायचा दांडा) दुकानातलाच आहे: गोल, क्रोम केलेला, १९ मि.मी. व्यास, ७० मि.मी. लांब, मागून पोकळ, वजन १२५ ग्रॅम. अडचणी तीन. तिसरी आणि चौथी तार खरखरते. क्रोमवर पहिल्या तारेच्या जागी रेघ पडून आतला पिवळा धातू दिसायलाय. आणि तिरका धरला की बार हातातून फिरतो.

नवा बार एमआयडीसीतल्या लेथवर करून घ्यायचा विचार आहे. टर्नरला नेमकं काय सांगायचं? धातू कोणता, माप काय, वजन किती?

मींड_नांदेड

आधी तारा एका पातळीत आहेत का ते बघा, बार नंतर. बार ही सरळ रेषा आहे आणि ती सहा तारांच्या माथ्यांवर टेकते. माथे एका रेषेत नसतील तर जगातला कोणताही बार खरखरणारच.

तुमच्या संचाचं गणित मांडतो. पहिली तार ०.३० मि.मी. जाड, मग ०.४१, ०.६१, ०.८१, १.०७ आणि सहावी १.३५. नटाच्या खाचांचे तळ आणि सॅडल (दुसऱ्या टोकाला, पुलावर तारा टेकतात ती पट्टी) दोन्ही सरळ असतील, तर पहिल्या आणि सहाव्या तारेच्या माथ्यांवर टेकलेली रेषा मधल्या तारांना लागतच नाही. त्या सुमारे एक दशांश मिलिमीटर खाली राहतात. तुमच्या तिसऱ्या-चौथ्या तारेची खरखर इथूनच येत असणार. जोर देऊन दाबलं की ती थांबते, पण मग सूर चढतो आणि हातही थकतो.

उपाय सोपा आहे. पहिली आणि सहावी तार, या दोनच तारा नटावर आणि सॅडलवर ०.१ मि.मी. खाली घ्या. मग सहाही माथे ०.०३ मि.मी.च्या आत एका रेषेत येतात. बारीक कानस दोन-तीनदाच फिरवायची, तार बसवून पट्टी टेकवून बघायची, मग पुढचा हात. खाच जास्त खोल गेली तर नट नवाच करावा लागेल.

सॅडल अजून साध्या गिटारचाच कमानदार असेल तर तक्रार वेगळी येते. १६ इंच त्रिज्येची कमान ५५ मि.मी. रुंदीवर मध्यभागी जवळजवळ ०.९ मि.मी. वर येते. तेव्हा पहिल्या फ्रेटवर सगळं ठीक वाजतं आणि बाराव्याकडे जाताना कडेच्या तारा खरखरू लागतात. सॅडल काढून काचेवर १२० नंबरचा पॉलिश पेपर ठेवून घासा. उंची कमी पडली तर खाली लाकडाची पातळ पट्टी घाला.

तपासायला लोखंडी पट्टी पाचव्या आणि बाराव्या फ्रेटच्या वर तारांवर उभ्या कडेनं हलकी टेकवा आणि एकेक तार छेडा. पट्टी मात्र आधी सरळ आहे ना, ते काचेवर बघून घ्या.

लातूर_लॅपस्टील

नांदेडकरांनी पाया सांगितला. मी वजनाचं सांगतो, कारण लेथवाल्याकडे वजन सांगून उपयोग नसतो, त्याला माप लागतं. ७५ मि.मी. लांबीचा, एक टोक पूर्ण गोल असलेला, भरीव स्टेनलेसचा बार असा भरतो:

१६ मि.मी. व्यास: ११५ ग्रॅम
१८ मि.मी.: १४५
१९ मि.मी. (सहा सूत): १६२
२० मि.मी.: १७८
२२ मि.मी.: २१४

पितळेत २० मि.मी.चा हाच बार १९० ग्रॅमच्या आसपास जातो. अकूस्टिक सहा तारी गिटारला १४० ते १८० ग्रॅम हा पट्टा मला योग्य वाटतो. पेडल स्टीलवाले (पायाच्या पेडलांनी तारांचे सूर बदलणारी स्टील गिटार वाजवणारे) सात सूत किंवा त्याहून जाड, सव्वातीन-साडेतीन इंच लांब बार वापरतात, तो भरीव केला तर अडीचशे ग्रॅमच्या पुढेही जातो. पण त्यांच्या तारा जास्त, आणि गिटार स्टँडवर घट्ट असते.

हलका बार तारेवर आपल्या वजनानं बसत नाही. तार त्याला उचलते, नाद लवकर विझतो, आणि खरखर टाळायला वरून दाबावं लागतं. जड बार स्वतःच बसतो, नाद लांबतो, पण द्रुत लयीतल्या तानांना हात मागे पडतो आणि पातळ तार खाली दबून सूर चढतो. 

लांबीत लोक हमखास एक गोष्ट विसरतात. गोल नाकाचा भाग तारेवर टेकत नाही. २० मि.मी.च्या बारात पुढचे १० मि.मी. नाकात जातात. बाराव्या फ्रेटपाशी तुमच्या तारा साधारण ४५ मि.मी. पसरलेल्या असतील, त्यात नाकाचे १० आणि मागच्या टोकाला ८ ते १० धरा, म्हणजे ६५ लागतातच. हात पुढेमागे होणार, म्हणून ७५ घ्या. पुढचं टोक तारांच्या फार बाहेर गेलं तर एकेकट्या तारेवर काम करताना शेजारची तार विनाकारण बोलते.

चिकलठाणा_टूलरूम

धातू निवडताना एकच गोष्ट डोळ्यांसमोर ठेवा: साधी पोलादी तार ही गिटारवरची सगळ्यात कठीण वस्तूंपैकी एक आहे. बार तिच्यापेक्षा मऊ असेल तर तार बारला कापते. पितळ मऊ, म्हणून त्यावर थेट वाजवलं की रेघा पडतात. त्यावरचं शोभेचं क्रोम मायक्रॉनभरही जाड नसतं, खाली निकेल असतं. ते घासलं की पिवळं दिसतं, तुमच्याकडे तेच झालंय.

एस.एस. ३०४ (स्टेनलेस स्टील) सहसा गंजत नाही, सगळीकडे मिळतं, पण तेही तारेपेक्षा मऊच. उष्णता देऊन कडकही होत नाही. पहिल्या दोन तारांखाली बारीक रेघा येणार, त्या दर काही महिन्यांनी पॉलिशला काढायच्या. सुरुवातीला हे चालेल.

ई.एन. ३१ म्हणजे बेअरिंगचं पोलाद. कडक करून ६० एच.आर.सी.ला (रॉकवेल, कठीणपणाचं माप) नेलं की तारेचा त्यावर काही परिणाम होत नाही. क्रम असा: २०.३ मि.मी.ला टर्निंग, मागचं भोक आणि नाक आधीच, मग हार्डनिंग, १५० ते १८० अंशांना टेम्परिंग (ठिसूळपणा घटवायला परत तापवणं), मग ग्राइंडिंग करून २०.०, शेवटी पॉलिश. कडक केल्यावर भोक पाडायला गेलात तर ड्रिल जळेल. तोटा एकच, हे गंजतं.

पण मी एकट्या बारसाठी हा खटाटोप करणार नाही. कडक केलेला, क्रोम चढवलेला, ग्राइंड केलेला लिनिअर शाफ्ट (मशीनचे भाग ज्यावर सरळ सरकतात तो दांडा) १६, २०, २५ मि.मी.मध्ये तयार मिळतो. ऑटोमेशनचं सामान विकणाऱ्यांकडे किंवा वाळूज-चिकलठाण्याच्या मशीन दुरुस्तीवाल्यांकडे त्याचे तुकडे पडलेले असतात. तो सरळ असतो, गोल असतो, आणि वरून आरशासारखा. बाहेरच्या अंगाला हात लावायचाच नाही. आपलं काम फक्त दोन टोकांचं.

काम असं सांगा:

तुकडा ७७ मि.मी. कापायचा, कटिंग व्हीलनं आणि पाणी मारत. हॅकसॉ त्यावर चालत नाही. चकमध्ये धरताना जबड्यांखाली तांब्याची पातळ पट्टी हवीच, नाहीतर जबड्याचे ठसे उमटतील आणि ते नंतर निघत नाहीत. मागच्या टोकाला फेसिंग (टोक सपाट करणं) ग्राइंडरनं. कडकपणा वरच्या दीड-दोन मिलिमीटरपुरताच असतो, आतला गाभा मऊ असतो, त्यामुळे मधोमध भोक सहज पडतं. १० मि.मी. व्यासाचं ४० मि.मी. खोल भोक २५ ग्रॅम कमी करतं. म्हणजे २० मि.मी.चा बार १७८ वरून १५३ वर. वजन असं बसवायचं.

नाक ग्राइंडरवर ढोबळ, मग लेथवर फिरवत पेपरनं: २२०, ३२०, ४००, ६००, ८००, १०००, १५००, २०००. ढोबळ काम करताना आकार तपासायला पत्र्यातून १० मि.मी. त्रिज्येची खाच कापून गेज करा. नाक आणि सरळ अंग जिथं मिळतं तिथं नखाला धार लागता कामा नये. तिथंच तार अडते. आणि नाकावरचं क्रोम गेलेलं असतं, त्यामुळे तेवढा भाग गंजू शकतो. तेलाचं बोट फिरवत जा.

जालना_टर्नर

टूलरूम साहेबांशी सहमत. थोडी भर.

आमच्याकडे रोलिंग मिलचा माल पावलोपावली, म्हणून लोक सळईचा तुकडाच घेऊन येतात. हॉट रोल्ड सळई गोल नसते, सरळ नसते, वर पापुद्रा असतो. ती टर्न करून सरळ आणायची म्हणजे वेळही जातो आणि ७५ मि.मी.वर थोडी तरी टेपर (निमुळतेपणा) राहतेच. ग्राउंड माल घ्या, निदान ब्राइट बार तरी.

शाफ्ट मिळाला नाही तर हायड्रॉलिक जॅकचा किंवा सिलिंडरचा मोडीतला पिस्टन रॉड बघा. त्यावर हार्ड क्रोम असतं. फक्त खड्डे आणि ओरखडे नसलेला भाग शोधून घ्या, रॉडचा जो भाग सीलच्या आत राहिलेला असतो तो बहुधा चांगला निघतो.

दुसरी वस्तू गजन पिन (इंजिनातला पिस्टन कनेक्टिंग रॉडला जोडणारी पिन). जीप किंवा छोट्या डिझेल गाडीची. कडक, ग्राइंड केलेली, बाहेरून गुळगुळीत. पोकळ असल्यानं हलकी भरते. २२ बाहेरचा, १३ आतला, ७० लांब अशी पिन १३५ ग्रॅमच्या आसपास. आत पितळेची १३ मि.मी.ची सळई घट्ट बसवली तर २१५ पर्यंत जाते. अर्ध्या लांबीची बसवली तर मधलं वजन मिळतं आणि भार कोणत्या टोकाला ठेवायचा तेही आपल्या हातात. सळई सैल बसली तर आत वाजते, म्हणून एपॉक्सी लावूनच दाबा. शिसं भरू नका, हातात धरायची वस्तू आहे.

पिनेला गोल नाक नसतं. पितळी सळईलाच नाक काढून ती पुढून ११ मि.मी. बाहेर ठेवता येते, पण त्या नाकाचा व्यास २२ पाहिजे आणि मागचा भाग १३, म्हणजे पायरी काढावी लागेल. तिरक्या बारचं काम कमी असेल तर नुसती कड मारून भागतं.

मोटारसायकलची पिन आखूड आणि बारीक, कामाची नाही. टेपर बेअरिंगचा रोलर तर मुळीच नाही, तो नावाप्रमाणे निमुळता असतो.

बीड_आर्केस्ट्रा

काचेचा आणि टेफ्लॉनचा बार कसा? वाचायला मिळतं की वीणेवर वापरतात.

मींड_नांदेड

विचित्र वीणेवर काचेचा बट्टा चालतो. चित्रवीणेवर पूर्वापार कठीण लाकूड होतं, एन. रविकिरण टेफ्लॉनचा दांडा वापरतात. पण त्या वाद्यांच्या तारा, पूल आणि जवारी सगळं वेगळं आहे. २० मि.मी. व्यासाचा, ७५ लांबीचा भरीव टेफ्लॉनचा बार ५० ग्रॅमचा, काचेचा ५५ च्या आसपास. गिटारवर एवढ्या हलक्या बारनं खर्जाच्या तारा भरून बोलत नाहीत, आणि टेफ्लॉन मऊ असल्यानं वरची चमक खातो. सरकतानाचा खरखराट कमी हवा असेल तर बारपेक्षा तारा बदला. खालच्या चार तारा फ्लॅट वाउंड (सपाट पट्टी गुंडाळलेल्या) किंवा घासून सपाट केलेल्या गुंडाळीच्या घ्या. सरकताना येणारा आवाज हा मुख्यतः गुंडाळीचे वेढे बारवर आपटण्याचा असतो.

धाराशिव_गायकी

गोल बार की रेल बार (बोटांसाठी खाचा असलेला), हा प्रश्न राहून गेला. परभणीकरांची तिसरी तक्रार त्याचीच आहे.

गोल बार सरकायला उत्तम. लांब मींड, सूत, आंदोलन (सुरावरून सुरावर सरकत जाण्याचे प्रकार) यांत तो आवाज न करता जातो, आणि नाक असल्यामुळे एका तारेवरून दुसरीवर विनाअडथळा चढतो. पण खटका, मुरकी, जमजमा यांत बार तारेवरून झटकन उचलून पुन्हा टाकावा लागतो. तिथं हाताची पकड लागते, आणि घामेजल्या बोटांत गोल बार फिरतो. मे महिन्यात आपल्या भागात तर विचारूच नका. ब्रिजभूषण काबरा यांनी या वाद्यावर हिंदुस्थानी रागसंगीत उभं केलं. त्या अंगानं वाजवायचं तर बारची पकड हा सजावटीचा भाग राहत नाही, गमक त्यावर अवलंबून असते.

रेल बारला दोन्ही बाजूंना बोटांसाठी लांब खाचा, वर तर्जनीसाठी उथळ खोलगट भाग, आणि खाली एकच गोलसर कड तारेवर. मिलिंगवर करून घ्यायचं माप देतो: रुंदी १७, उंची २२, लांबी ७६. बाजूच्या खाचा ८ मि.मी.च्या बॉलनोज (गोल टोकाच्या) कटरनं अडीच मि.मी. खोल, वरच्या कडेपासून ९ मि.मी. खाली मध्य येईल अशा. खालची कड साडेआठ त्रिज्येची. एस.एस.मध्ये हा १८०-१९० ग्रॅम भरतो. जड वाटला तर खाचा खोल करा, उंची कमी करू नका, नाहीतर बोटं तारांना लागतात. पुढचं टोक गोल, मागचं सरळ कापलेलं. सरळ कडेनं तार सोडली की उघडी तार स्वच्छ बोलते.

यात एक फायदा असाही आहे की तारेवर टेकणारी जागा एकच, म्हणून सगळं पॉलिश तेवढ्यावर केंद्रित करता येतं. गोल बार फिरत राहतो, त्याचं सगळं अंग निर्दोष लागतं. गोल बारवर नर्लिंग (पकडीसाठी कोरलेली खरबरीत जाळी) किंवा रबराची नळी कुणी सुचवली तर ऐकू नका, फिरला की तीच बाजू तारेवर येते.

गोलच ठेवायचा असेल तर मागच्या टोकाला अंगठ्यासाठी खळगा करा. १२ मि.मी. रुंद, ३ मि.मी. खोल, कडा मोडलेल्या. तिरक्या बारात तर्जनी नाकावर आणि अंगठा या खळग्यात, मग बार फिरत नाही.

परभणी_सहातार

मनापासून आभार. पट्टी लावून बघितली, मधल्या तारा खरंच खाली आहेत, नटाचं काम करायला घेतो. पण बारही काचेवर ठेवून मागून टॉर्च धरला तर मधोमध उजेड दिसतो, टोकांशी नाही. ०.०५ ची फीलर गेजची पाती मधून सहज जाते. बार कसाही फिरवला तरी तसंच. हा वाकलेला आहे का?

चिकलठाणा_टूलरूम

वाकलेला नाही. वाकलेला असता तर अर्धा फेरा फिरवल्यावर उजेड मधून टोकांकडे गेला असता. सगळ्या बाजूंनी मध्यात खोल म्हणजे मधला भाग बारीक आहे. दोन कारणं संभवतात. प्लेटिंगच्या हौदात विजेचा प्रवाह टोकांकडे जास्त जातो आणि तिथं थर जाड बसतो. पण शोभेच्या प्लेटिंगमध्ये एवढा फरक एकट्यानं येणं कठीण. बफवर मधला भाग जास्त दाबला गेला असणार. मायक्रोमीटरनं मध्य आणि दोन्ही टोकांपासून १५ मि.मी.वर मोजा, आकडे सांगतील.

नेमकं हेच नव्या बारला टाळायचंय. मऊ बफवर हातानं धरून सरळ अंग चमकवलं की अंग लाटांसारखं होतं किंवा कडा गोल पडतात. वरून आरसा दिसतो आणि खाली तार टेकत नाही. म्हणून तयार ग्राउंड शाफ्ट घ्या म्हटलं. एस.एस.च घेणार असाल तर पेपर लाकडी सपाट ठोकळ्यावर गुंडाळून लेथवर फिरवा, ठोकळा बारच्या पूर्ण लांबीचा हवा. दर नंबरला आधीच्या रेघा पूर्ण गेल्याशिवाय पुढचा पेपर घेऊ नका. हे कळण्यासाठी एक नंबर बारच्या लांबीत हातानं थोडा ओढायचा, म्हणजे जुन्या आडव्या रेघा उठून दिसतात. शेवटचे दोन नंबर मात्र फिरतीतच, कारण बार सरकतो त्या दिशेला रेघ असली तर गुंडाळीचे वेढे तिच्यात कमी अडकतात. लांबीतली रेघ कानशीचं काम करते. बफ फक्त शेवटी, हिरवा साबण (पॉलिशचा) लावून, हलक्या हातानं.

हार्ड क्रोम नव्यानं चढवायचंच असेल तर २० ते २५ मायक्रॉन सांगा, मागच्या भोकात आटे पाडून तिथून टांगायला लावा, आणि प्लेटिंगनंतर पुन्हा ग्राइंडिंग करून घ्या.

लातूर_लॅपस्टील

माल ताब्यात घेताना दुकानात करायची तपासणी: जाड काचेचा तुकडा सोबत न्या. बार ठेवून मागून उजेड, पाव-पाव फेरा फिरवून चार वेळा. मायक्रोमीटरनं तीन ठिकाणी, फरक ०.०१ च्या आत. नखं नाकापासून अंगावर आणि अंगावरून नाकावर. मग कापसाचा बोळा सगळ्या अंगावरून हळू फिरवा, धागा अडकला तर तिथं कुसळ आहे.

गिटारवर पहिली चाचणी बाराव्या फ्रेटच्या रेषेवर अगदी बरोबर वर, बार फ्रेटला समांतर, बारमागे अनामिका आणि करंगळी तारांवर टेकवून. बारमागची तार मोकळी राहिली तर तीही कंप पावते आणि चांगला बारही खराब वाटतो. डोकं बारच्या बरोबर वर आणून बघा, बाजूनं बघितलं तर रेषा सरकलेली दिसते.

जालना_टर्नर

पावसाळ्याबद्दल एक. ई.एन. ३१ किंवा नाकावरचं क्रोम गेलेला शाफ्ट वाजवून झाल्यावर सुती कापडानं पुसा, शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब, पुन्हा कोरडं पुसा. चामड्याच्या पाकिटात ठेवू नका, चामडं ओल धरतं. गंजाचा ठिपका आलाच तर २००० चा पेपर तेल लावून, फिरतीच्या दिशेनंच.

परभणीकर, लेथवर जाताना कागदावर एवढंच लिहून न्या: लिनिअर शाफ्ट २०, एकूण लांबी ७५, नाक त्रिज्या १०, मागे भोक १० × ४०, भोकाच्या तोंडाशी खळगा १४ रुंद ३ खोल, बाहेरच्या अंगाला टूल लावायचं नाही. भोक १० चं असल्यामुळे खळगा १२ ऐवजी १४ केलाय, नाहीतर अंगठ्याला टेकायला काठ उरत नाही.

परभणी_सहातार

लिहून घेतलं. भोकाची कड आतून मोडायला ९० अंशांचा काउंटरसिंक चालेल का, की बॉलनोजच लागेल?

जालना_टर्नर

काउंटरसिंकनं सुरुवात करा, पण बाहेरच्या कडक थरापर्यंत गेलात तर तिथं कार्बाइडचंच टूल लागेल. नंतर १४ चा माउंटेड स्टोन (दांडीवर बसवलेला घासायचा दगड) हँड ग्राइंडरला लावून गोलाई द्या, ४०० चा पेपर बोटानं. काठावर अर्धा मिलिमीटर तरी मोडा, अंगठा तिथंच घासतो.